दोन दातांची प्रार्थना

दातवाल्यांच्या तोंडून कुणाबद्दल वाकडा शब्द निघालेला मंडळीत कुणी ऐकला नव्हता. उपासना संपली की चर्चच्या पायऱ्यांवर ज्या गप्पा रंगतात, कुणाची सून किती वाजता उठते, कुणाचा मुलगा कुणाबरोबर दिसला, त्या गप्पांच्या जवळ दातवाले आले की लोक आपोआप हवापाण्यावर यायचे. "जिभेला हाड नसतं, म्हणून तर देवाने तिच्याभोवती बत्तीस पहारेकरी उभे केलेत," असं ते म्हणायचे. त्या पहारेकऱ्यांचाच त्यांचा धंदा असल्यामुळे लोकांना ते पटायचं. ते कवळ्या बनवायचे. दवाखान्यांतून मापं यायची, मग हे प्लास्टरचे साचे ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचे, गुलाबी हिरड्या घडवायचे आणि शेवटी फिरत्या चाकावर धरून कवळी अशी घासायचे की जिभेला कुठे कण लागू नये.

आता तोंडाशी पहारेकरी उभे केले म्हणजे घर सुरक्षित झालं, असं समजणारा माणूस भोळा म्हणायचा की बनेल, हे ज्याचं त्याने ठरवावं. दातवाले स्वतःला भोळा समजत नव्हते नि बनेलही समजत नव्हते. ते स्वतःला चांगला माणूस समजत होते, आणि सगळी गडबड तिथेच होती.

त्यांचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, बस चालवायचा. त्याचा आवाज असा की बसला हॉर्न नसता तरी चाललं असतं. त्याला सगळे भोंगा म्हणायचे, तो स्वतःसुद्धा स्वतःला भोंगाच म्हणायचा. उपासनेला उशिरा येणार, येताना दार आपटणार, मधल्या बाकावर चार जणांचे पाय तुडवत घुसणार, आणि गीत सुरू झालं की असा गाणार की पाय तुडवलेले चौघेही खूश. दातवाल्यांनी वीस-बावीस वर्षं पहिल्या बाकावर बसून काढली होती. ते शास्त्रपाठ वाचायला उभे राहिले की मागच्या बाकांवर जांभया सुरू व्हायच्या. सासूबाईंचंही तेच. नळ गळतोय, बोलवा भोंग्याला. गुडघे दुखतायत, बोलवा भोंग्याला. मोठे जावई फक्त कवळी सैल झाली की आठवायचे.

एके काळी हाच भोंगा दारूत बुडालेला होता. धाकटी, म्हणजे त्याची बायको, रडत बहिणीकडे यायची. तेव्हा दारूच्या दुकानातून त्याला बखोटीला धरून घरी आणणारे दातवाले होते. त्याच्या शिव्या खाणारे दातवाले, त्याला हाताला धरून चर्चमध्ये नेणारे दातवाले, आणि ज्या दिवशी त्याने गुडघे टेकून पुन्हा पिणार नाही म्हटलं त्या दिवशी शेजारी गुडघे टेकलेलेही दातवालेच. मंडळी हे साफ विसरली होती. भोंगा सुधारला एवढं लोकांच्या लक्षात राहिलं होतं, कुणी सुधारला ते कुणी विचारत नव्हतं. विचारलं असतं तर दातवाले म्हणाले असते, "अहो, मी कोण? सगळी प्रभूची कृपा." पण कुणी विचारायला तर हवं!

मंडळीचा वर्धापनदिन जवळ आला, तेव्हा चर्चच्या पाळकसाहेबांनी भोंग्याला सांगितलं, "या वेळी साक्ष तुम्ही द्यायची. देवाने तुम्हाला कुठून कुठे आणलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगा." दातवाल्यांनी सगळ्यांत आधी भोंग्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. घरी येताना बायको म्हणाली, "किती छान ना?" "फारच छान," दातवाले म्हणाले. पोटात काहीतरी खुपलं, पण पोटात काय खुपतं त्याकडे लक्ष द्यायची त्यांना सवय नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भोंगा त्यांच्या कामाच्या खोलीत आला तो हाताने तोंड झाकून. हात काढला तेव्हा पुढचे वरचे दोन दात गायब होते आणि ओठ सुजला होता.

"बाथरूममध्ये पडलो," तो म्हणाला. मग स्टुलावर बसला, साच्यांच्या रांगेकडे बघत राहिला आणि एकदम म्हणाला, "दादा, तुमच्याशी खोटं नाही बोलवत. मी प्यायलो."

डेपोतला एक जुना ड्रायव्हर निवृत्त झाला होता. त्याची पार्टी होती. ड्यूटी नव्हती. एक ग्लास म्हणता म्हणता शुद्ध गेली आणि डेपोच्या पायऱ्यांवर तोंडावर आपटला. धाकटीला त्याने बाथरूमची थाप मारली होती. पुन्हा थेंब घेतलास तर मी या घरात राहणार नाही, हे तिने फार पूर्वी सांगून ठेवलं होतं आणि धाकटी बोलेल ते करणारी होती.

"तिला मीच सांगणार," भोंगा म्हणाला. "साक्षीच्या आधी सांगणार. तोंड लपवून साक्ष नाही द्यायची मला. फक्त मला जरा हिंमत गोळा करू द्या. तोवर कुणाला बोलू नका, दादा."

"माझ्या पोटात राहील," दातवाल्यांनी शब्द दिला.

आणि खरोखर त्यांनी तो पोटातच ठेवला. अडचण अशी की पोटात ठेवलेली गोष्ट तशीच्या तशी राहत नाही. साच्यात प्लास्टर ओतताना तिची आठवण यायची. मेण तापवताना यायची. पहिल्यांदा आली तेव्हा त्यांना वाईटच वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. दुसऱ्यांदा आली तेव्हा वाईट वाटण्याच्या खाली काहीतरी गोडसर लागलं. हाच तो, ज्याला साक्षीला उभं करणार आहेत! दातवाल्यांनी मान हलवली, विचार झटकला आणि स्वतःला सांगितलं की ही काळजी आहे. झटकलेला विचार थोड्या वेळाने परत आला. या वेळी त्यांनी त्याला काळजी म्हणूनच आत घेतला. मग तो रोजच यायला लागला आणि यायला उशीर झाला तर दातवाले वाट बघायला लागले.

अशातच एका रविवारी पाळकसाहेबांचा उपदेश नेमका मनाच्या राखणीवर होता. "वाईट विचार दारावर आला, हा तुमचा दोष नाही," पाळकसाहेब म्हणाले. "येणारा येणारच. पण त्याला खुर्ची कुणी दिली? चहा कुणी विचारला?" मंडळी हसली. पहिल्या बाकावर दातवाल्यांनी जोरजोरात मान डोलावली, आणि मधल्या बाकाकडे वळून भोंगा नीट ऐकतोय ना, ते बघून घेतलं.

ते दात त्यांनी फार मन लावून बनवले. दोन दात, मागे गुलाबी पट्टी, बाजूला तारेचे आकडे. रंग असा जुळवला की शेजारच्या दातांनासुद्धा परके वाटू नयेत. चाकावर घासताना एक प्रार्थना त्यांच्या मनात तयार होत होती. भोंग्यासाठीच, एकांतात करायची. आधी 'घसरला' असा शब्द आला, तो त्यांना मिळमिळीत वाटला. 'जाऊन पडला' जास्त बरा वाटला. मग 'दोन दात गमावून बसला' हे सुचलं आणि त्यांनी चाक थांबवलं. वाक्यात जीव आला होता. ते पुन्हा पहिल्यापासून मनात म्हणून बघितलं. एकांतातली प्रार्थना एवढी कशाला घासायची, हा प्रश्न त्यांना पडला नाही. चाक पुन्हा सुरू झालं.

बुधवारची प्रार्थनासभा घरोघरी फिरायची. त्या बुधवारी ती भोंग्याच्या घरी होती. छोटी बैठकीची खोली, उसन्या आणलेल्या खुर्च्या, स्वयंपाकघराच्या दाराशी चहाचे कप मांडलेला ट्रे. भोंगा नव्या दातांनी सगळ्यांचं स्वागत करत होता. लोक म्हणत होते, "वा, पडलास ते बरंच झालं, आधीपेक्षा देखणा दिसतोस!" तोही हसत होता. पाळकबाई म्हणाल्या, "हे आमच्या दातवाल्यांचं काम, हो." दातवाल्यांना बरं वाटलं. पण लगेच कुणीतरी साक्षीचा विषय काढला आणि सगळे भोंग्याकडे वळले. क्षणभर आपल्यावर पडलेला उजेड कुणीतरी काढून घेतला, असं दातवाल्यांना वाटलं.

गीत झालं, वचन झालं. पाळकसाहेब म्हणाले, "दातवाले, तुम्ही प्रार्थनेत चालवा."

सगळ्यांनी डोळे मिटले. दातवाल्यांनीही मिटले. आणि इथे त्यांचा घात झाला. माणसांशी बोलताना त्यांचे बत्तीस पहारेकरी जागे असायचे. पण देवाशी बोलताना पहारा कशाला? देवाला सगळं ठाऊकच असतं. डोळे मिटले की त्यांच्यापुरती खोली रिकामी व्हायची. त्यांनी आजाऱ्यांसाठी मागितलं, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी मागितलं, आणि मग तोंडातून आलं,

"प्रेमळ पित्या, जो आमचा भाऊ तुझ्या कृपेने त्या घाणीतून वर आला होता, आणि आता पुन्हा त्याच बाटलीपाशी जाऊन पडला, दोन दात गमावून बसला, त्याला तू टाकू नकोस. त्याच्या ओठांवर हसू आहे, पण आत काय चाललंय ते तू जाणतोस..."

नाव घेतलं नव्हतं. दातवाले नाव घेणाऱ्यांतले नव्हते. पण अख्ख्या खोलीत दोन दात गमावलेला माणूस एकच होता आणि दारात उभा राहून त्याने प्रत्येकाला ते दात दाखवले होते.

एक 'आमेन' कुणाच्या तरी घशात अर्धवट अडकला. दातवाल्यांना त्या शांततेत स्वतःचा आवाज ऐकू आला. वाक्य संपत आलं होतं. थांबलं तर आणखी उघडं पडेल म्हणून ते पुढे बोलत राहिले, कुणाकुणासाठी काय काय मागितलं ते त्यांनाच कळलं नाही, आणि प्रभूच्या नावाने आमेन म्हणून त्यांनी डोळे उघडले. भोंग्याने ओठ घट्ट मिटून घेतले होते. त्याला मिटलेल्या तोंडाने बसलेलं दातवाल्यांनी कधीच बघितलं नव्हतं. धाकटी त्याच्या ओठांकडे बघत होती.

ती उठली. ट्रे घेऊन तिने सगळ्यांना चहा दिला, कुणाला साखर कमी, कुणाला जास्त, सगळं आठवणीने. शेवटचा कप नवऱ्यासमोर ठेवून ती साध्या आवाजात म्हणाली, "बाथरूममध्ये पडलात ना तुम्ही?"

पाहुण्यांनी चहा घाईघाईने प्यायला आणि एकेक जण चपला शोधायला लागला. दाराशी एका म्हाताऱ्या आजींनी दातवाल्यांचा हात धरला. "किती पोटतिडकीने प्रार्थना केलीत हो तुम्ही," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

घराचं कुलूप काढताना बायको म्हणाली, "तोंडातून निघून गेलं तुमच्या. मला माहीत आहे. तुम्ही मुद्दाम करणारे नाही." मी मुद्दाम केलं नाही, असं त्यांनी एकदा म्हणावं एवढंच तिला हवं होतं. दातवाले म्हणाले, "भूक नाही मला," आणि आत गेले. निघून गेलं? निघून जाणारं वाक्य असं नसतं. त्यातला एकेक शब्द त्यांनी चाकावर धरून घासला होता.

दुसऱ्या दिवशी धाकटी बॅग भरून आईकडे गेली. सासूबाईंनी फोनवर मोठ्या मुलीला सांगितलं आणि वर म्हणाल्या, "आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?" ते त्या भोंग्याबद्दल म्हणत होत्या. दातवाल्यांनी पलीकडच्या खोलीतून ऐकलं आणि त्यांना वाटलं की या बाईला सगळं कळलंय.

पण कुणालाच काही कळलं नव्हतं. हीच तर शिक्षा होती. रागावलं कुणी असतं तर त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. उलट जो भेटेल तो त्यांचं सांत्वन करत होता. पाळकसाहेब मुद्दाम कामाच्या खोलीत आले, स्टूल ओढून बसले. "तुमच्या मनाला लागलं असेल," ते म्हणाले. "पण लपलेलं उजेडात आलं, तेही देवाच्या योजनेतच असेल. आता असं आहे की साक्ष काही तो देऊ शकत नाही. तुम्ही द्या. त्याला बाहेर काढायला तुम्हीच झटला होतात ना? माझ्या आत्ता लक्षात आलं."

इतकी वर्षं ज्या एका वाक्यासाठी दातवाले आतल्या आत झुरत होते, ते वाक्य असं समोर येऊन बसलं. ते म्हणाले, "बघतो."

काम होईना. एका बाईच्या कवळीत त्यांनी डावीकडचा दात उजवीकडे बसवला. फळीवर मांडलेले साचे सगळे तोंड उघडून बसलेले, त्यांच्याकडे बघवेना. प्रार्थना करायला बसले की पहिलंच वाक्य गुळगुळीत निघायचं. 'हे प्रभू, मी पापी आहे' हेसुद्धा इतकं सुरेख जमायचं की त्यांना स्वतःची किळस यायची. अमुक दिवशी विचार आला, तेव्हाच का नाही हाकलला? तमुक दिवशी तो गोड लागला, तेव्हा कळलं नव्हतं का? कळलं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती, असं लोक भीतीपोटी म्हणतात. दातवाल्यांना कळत होतं की भोंग्याचं वाईट कुणा वैऱ्याने चिंतलं नव्हतं. त्याला दात बनवून देणाऱ्याने चिंतलं होतं, आणि तेही दात बनवता बनवता.

असेच दिवस जात होते आणि एका दुपारी भोंगा आला. गणवेशातच होता, डेपोतून सुटून सरळ आलेला. दाढी वाढली होती.

"उंच लागतंय, दादा," तो म्हणाला. "चावलं की या दोघांवरच भार येतो. जरा बघता का?"

दातवाल्यांनी त्याला खिडकीजवळ बसवलं. कवळी हातात घेऊन ती उजेडात धरली. भोंगाच आधी बोलला.

"घर खायला उठतं हो. सुटलो की मी मुद्दाम चालत जातो, वेळ जावा म्हणून. वाटेत ते दुकान लागतं. पाय थबकतात, खोटं कशाला बोलू? मग आठवतं की निदान एक माणूस आपल्यासाठी देवापुढे रडला होता. तेवढ्यावर पुढे निघतो." तो खाली बघत होता. "आधी रागावलो होतो मी तुमच्यावर. फार रागावलो होतो. शब्द दिला होतात ना. मग म्हटलं, दादांच्या तोंडून आजवर कुणाचं वाईट निघालं नाही, ते माझंच कसं निघेल? काळजी पोटात मावली नाही, म्हणून निघालं. होय ना?"

होय म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. आणि बघा, मन कसं वकील असतं! दातवाल्यांच्या मनाने लगेच त्यांची बाजू मांडली. याचा एवढा एकच आधार उरलाय, तो काढून घेणार का? खरं सांगून तुझं ओझं उतरेल, पण हा त्या दुकानात शिरेल. गप्प राहा. त्याच्या भल्यासाठी गप्प राहा, काळजी म्हणून. त्या शेवटच्या शब्दाने दातवाले दचकले. तो आवाज त्यांनी ओळखला. याच शब्दाचा कोट घालून तो पहिला विचार आत आला होता आणि खुर्ची ओढून बसला होता.

त्यांनी कवळी भोंग्याच्या तोंडात बसवली, दातांमध्ये निळा कागद धरला आणि म्हणाले, "चाव." जिथे उंच लागतं तिथे हा कागद निळा डाग सोडतो. भोंग्याने चावलं.

"मी रडलो नव्हतो," दातवाले म्हणाले. "ती प्रार्थना मी आधीच तयार केली होती. तुझे दात घासताना. तुला साक्षीला उभं केलं ते मला बघवत नव्हतं. तू पडलास याचा मला आनंद झाला होता. मी त्याला काळजी म्हणत राहिलो."

भोंगा दातांत कागद धरून त्यांच्याकडे बघत होता. त्याला बोलता येत नव्हतं. आणि दातवाल्यांच्या ध्यानात आलं की आपण नेमकी हीच वेळ साधली. समोरच्याचं तोंड बंद असताना बोललो, जसं त्या दिवशी सगळ्यांचे डोळे बंद असताना बोललो होतो. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कागद काढला, बाजूला ठेवला, दुसरं स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी 'दोन दात' कुठे सुचलं आणि सुचल्यावर चाक थांबवलं, तेही सांगितलं.

भोंग्याने विचारलं, "पुन्हा म्हणूनही बघितलंत? मनात?"

"हो."

"छान वाटलं?"

"हो."

भोंग्याने तोंडात बोट घालून कवळी काढली, टेबलावर निळ्या कागदाशेजारी ठेवली आणि उठून चालायला लागला. दार त्याने आपटलं नाही. दातवाल्यांना वाटलं, आपटायला हवं होतं.

ते क्षणभर तसेच बसले. मग कवळी रुमालात गुंडाळून मुठीत घेतली आणि एप्रनवरच त्याच्या मागे निघाले. भोंगा बराच पुढे गेला होता. गल्लीच्या टोकाला रस्ता दोन्हीकडे फुटत होता. डावीकडे काही दुकानं सोडून ते दारूचं दुकान होतं. उजवीकडे सासूबाईंचं घर, जिथे धाकटी होती. भोंगा टोकाशी जाऊन उभा राहिला.

आणि तेव्हा, एवढं सगळं बोलून झाल्यावर, एवढी लाज वाटून झाल्यावर, दातवाल्यांच्या मनात आलं की हा डावीकडे वळला तर? वळला तर आपलं फार चुकलं नव्हतं. वळला तर लोक म्हणतील, दातवाल्यांनी वेळीच ओळखलं होतं.

त्यांनी तो विचार बघितला. दारातच उभा होता, अजून आत आला नव्हता. आजवर असले विचार त्यांना खुर्चीत बसलेलेच सापडले होते, कप रिकामा करून. या वेळी मात्र तो उंबरठ्याच्या बाहेर असतानाच दिसला, आणि तो इतका त्यांचा स्वतःचा, इतका घरचा होता की त्यांना रडू फुटलं.

"भोंग्या!" ते भर रस्त्यात ओरडले. वीस-बावीस वर्षांत मंडळीने त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. दोन-चार माणसं वळून बघायला लागली. "भोंग्या, थांब! डावीकडे जाऊ नकोस! माझ्यासाठी जाऊ नकोस!"

भोंगा वळला. दातवाले धापा टाकत त्याच्यापर्यंत आले. एप्रनवर प्लास्टरचे डाग, नाक वाहतंय, मूठ घट्ट मिटलेली.

"तुमच्यासाठी कशाला जाईन?" भोंगा म्हणाला. पुढचे दात नसल्यामुळे शब्दांतून हवा निसटत होती. "जायचंच असतं तर माझ्यासाठी गेलो असतो."

"मग कुठे निघालास?"

"तिच्याकडे. जे मी सांगणार होतो ते तुम्ही सांगून टाकलंत, पण मी कुठे सांगितलंय अजून? ते माझं राहिलंच आहे."

"मी येतो बरोबर," दातवाले म्हणाले. "माझंही तिला सांगायचं राहिलंय. पाळकसाहेबांनाही सांगणार आहे. साक्ष मी देणार नाही."

भोंग्याने त्यांच्याकडे नीट बघितलं. त्याच्या तोंडावर माफी नव्हती, आणि दातवाल्यांनी ती मागितलीही नव्हती. "चला," तो शेवटी म्हणाला. "पण वाटेत प्रार्थना तेवढी करू नका."

ते उजवीकडे वळले. भोंगा पुढे, दातवाले मागे. वाटेत दातवाल्यांच्या मनात दोनदा वाक्यं जुळायला लागली, चांगली, पश्चात्तापाची, कुणाच्याही डोळ्यांत पाणी आणतील अशी. दोन्ही वेळा त्यांनी ती तिथेच टाकून दिली. भोंगा मागे वळून बघत नव्हता. एकदा रस्ता ओलांडताना मात्र गाडी आली, तेव्हा त्याने मागे न बघताच हात आडवा धरून त्यांना थांबवलं.

दार धाकटीने उघडलं. नवऱ्याच्या तोंडातली मोकळी जागा तिला आधी दिसली. "दात कुठे आहेत?" तिने विचारलं.

"भावजींकडे तुझ्या," भोंगा म्हणाला आणि बाजूला झाला. "त्यांना काहीतरी सांगायचंय. मग मला."

दातवाल्यांनी मूठ उघडली. घामाने रुमाल ओला झाला होता.

"धाकटे," ते म्हणाले, "त्या दिवशी मी केली ती प्रार्थना नव्हती."

पुढचं वाक्य त्यांच्याकडे तयार नव्हतं.